शेवटच्या नोंदीचा सोमवार

आमच्या खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानाचे हिशेब संगणकावर हेच ठेवायचे. हे गेल्यावर मी क्लास लावला आणि एके दिवशी धीर करून दुकानातले हिशेब उघडले. पडद्यावर तारीख त्या सोमवारची होती. दुपारी जेवायला निघालेले हे घरी पोचलेच नाहीत, तो सोमवार.

क्लासच्या मॅडम म्हणाल्या, “बिघाड नाही हो, ताई. शेवटची नोंद ज्या दिवशीची, तिथेच ते थांबतं. नवी नोंद केलीत, की तारीख पुढे सरकेल.”

नोंद करायला मी आता शिकले आहे. तरी आलेल्या मालाचे कागद तारेत ओवून ठेवते. बाहेर बाजारात दिवस उलटतात. इथे त्यांच्या खुर्चीची गादी दबलेलीच असते. पडद्याआड अजून ती सकाळ चालू आहे. मी नोंद केली, की हे जेवायला निघतील.