साडूंच्या टाकीतल्या माद्या

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं एक वेळ चोर व्हावं, पण माझ्यासारखा होऊ नये!

आमचे साडू मागच्याच गल्लीत राहतात. दोघांनी एकाच दुकानातून लाल झिंगे आणले, काचेच्या टाकीत पाळायला. आपलं काहीतरी साडूंपेक्षा भारी पाहिजे म्हणून मी पाणी कोमट ठेवणारा हीटरही घेतला. उमरग्यात, होळी झाल्यावर! हसू नका.

मे महिन्यात पिल्लं मोठी झाली. साडूंकडं बघावं तर लालभडक, पोटाखाली अंडी घेतलेल्या माद्याच माद्या. आणि माझ्याकडं? सगळे फिकट, किडकिडीत नर! आता वंश वाढायचा कसा? झिंग्यांचा हो!

जळलो. खरं सांगतो, लई जळलो. धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी त्यांना अंगठी दिली आणि मला टॉवेल-टोपी, तेव्हाही एवढा जळलो नव्हतो.

त्यात दुकानदार म्हणाला, "नर किती, माद्या किती, ते पाण्यावर असतंय." झालं! साडूंच्या पाण्यातच जादू आहे, असं मी धरून चाललो. रोज चहाला जायचं, ते आत गेले की टाकीत थर्मास बुडवायचा आणि घरी आणून माझ्या टाकीत ओतायचा. नर काही हटेनात.

एक दिवस कोपरापर्यंत हात टाकीत, आणि मागून आवाज आला.

"पाव्हणं, थर्मासात काय भरलालाव?"

"जरा... पाणी. तुमच्या पाण्यात माद्या लई होत्यात न्हवं!"

साडू पोट धरून हसले. "अवो, टाकी कूलरपुढं ठिवलीया. गार पाण्यात माद्या जास्त निपजत्यात म्हनं, गरम पाण्यात नर. तुमचं पाणी कसं हाय?"

मी हीटरचं नाव काढलं नाही. "पण पाणी तर तुमचं येगळं हाय की!"

"कुठलं येगळं? आमचा बोर पाडव्यालाच आटला. तुम्ही कामावर गेलाव की तुमची मेव्हणी रोज तुमच्याच नळाच्या दोन कळश्या आणतीया. ह्ये तुमचंच पाणी हाय!"

म्हणजे महिनाभर मी माझ्याच पाण्याची चोरी करत होतो!

आणि तो थर्मास? भरलेलाच घरी घेऊन आलो. आपलं पाणी साडूकडं कशाला सोडायचं?