आटपाडीच्या केंद्रातलं राहिलेलं अपडेट

क्रांती जगदाळे मूळची कोरेगावची. वडील फौजेत सिग्नलला होते. सुट्टीवर आले की बिघडलेला रेडिओ खोलून बसायचे आणि ती शेजारी स्क्रू सांभाळत बसायची. पुढं साताऱ्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि सांगलीतल्या एका तपासणी लॅबमध्ये ती नोकरीला लागली. लॅबची गावोगावी केंद्रं होती. तिथं नमुने घेऊन सांगलीला पाठवायचे आणि रिपोर्ट आला की लॅबच्या साइटवरून छापून द्यायचा. या सगळ्या केंद्रांतले कॉम्प्युटर चालते ठेवणं हे क्रांतीचं काम. पण तिची खरी झटापट व्हायची ती माणसांशी.

आटपाडीच्या केंद्रावर बाळासो होते. रक्त काढायला हात इतका हलका की लहान पोरंही रडत नसत. कॉम्प्युटरला मात्र ते कुणाला हात लावू देत नसत. एकदा ऐन गर्दीत अपडेट सुरू झालं, मशीन दुपारपर्यंत अडकून पडलं आणि लोकांनी त्यांना नको नको ते ऐकवलं. तेव्हापासून त्यांनी अपडेटच बंद करून टाकलं होतं.

"काका, ब्राउझरमध्ये भोक सापडलंय," क्रांती फोनवर सांगायची. "बनवणाऱ्यांनी ते बुजवलंय, पण अपडेट केल्याशिवाय तुमच्याकडचं बुजणार नाही."

"चाललंय की समदं, म्याडम. कशाला हात लावायचा?"

लॅबच्या साहेबांना सांगावं तर ते म्हणायचे, "जाऊन ये की एकदा." आणि ती निघाली की तेच दुसरं काम पुढ्यात टाकायचे.

मग एके दिवशी बाळासोंचाच फोन आला. आवाज पार बसलेला. गावातल्या लीलाबाईंना केंद्रावरच्या तपासणीत टीबी निघाला होता. घरी कसं सांगावं याचा त्या अजून विचारच करत होत्या. तेवढ्यात कुणीतरी औषध विकणाऱ्यानं त्यांच्या घरी फोन केला, तो मुलानं उचलला, आणि पलीकडून, "लीलाबाईंच्या टीबीवर आमच्याकडं खात्रीचं औषध आहे," असं त्याला ऐकू आलं. सून लेकराला घेऊन माहेरी निघून गेली. बाळासोंनीच बातमी फोडली असं गाव म्हणत होतं.

क्रांतीनं साइटवर कोण कधी आलं त्याच्या नोंदी तपासल्या. केंद्राला कुलूप असताना बाळासोंच्या नावानं कुणीतरी साइटमध्ये शिरलं होतं, तेही पासवर्ड न टाकता. साहेबांना न विचारताच तिनं आटपाडीची एसटी पकडली.

केंद्रात लीलाबाई बसल्या होत्या. बाळासो मान खाली घालून उभे होते. क्रांतीनं दोघांनाही समजावलं, "एसटीचा पास असतो ना, तो दाखवला की कंडक्टर पुन्हा तिकीट मागत नाही. काकांनी पासवर्ड टाकला की साइट ब्राउझरला असाच एक पास देते. त्याला कुकी म्हणतात. जुन्या ब्राउझरमधल्या भोकातून तो पास चोरीला गेला. चोरानं तो दाखवला आणि तो आत गेला. त्यानंच माहिती विकली असणार."

"म्हंजी ह्यानं सांगितलं न्हाई?" लीलाबाईंनी विचारलं.

"नाही, मावशी."

"मग कुणी?"

"ते सापडायचं नाही बहुतेक."

"मग मी धरू कुणाला, पोरी?"

क्रांती कॉम्प्युटरकडं वळली आणि तिनं अपडेट सुरू केलं. थोड्या वेळानं पडद्यावर सूचना आली की या मशीनवर नवा ब्राउझर चालणार नाही. मशीनच म्हातारं झालं होतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा करून पाहिलं, तीच सूचना. तिनं साहेबांना फोन लावला.

"बघू पुढच्या महिन्यात," साहेब म्हणाले. "तोवर चालू दे आहे तसंच."

"नाही चालणार," क्रांती म्हणाली आणि इंटरनेटची वायर उपसून पिशवीत टाकली. लॅबच्या सगळ्या केंद्रांचे जुने लॉगिन तिनं फोनवरूनच रद्द केले, म्हणजे चोरीला गेलेले पासही बाद झाले. सगळ्यांना पुन्हा पासवर्ड टाकावा लागला, त्यामुळं ती सांगलीला पोहोचेपर्यंत कोयनानगरच्या केंद्रापासून सगळीकडचे लोक तिच्या नावानं बोटं मोडत होते. आटपाडीचे रिपोर्ट आता सांगलीत छापून एसटीच्या पार्सलनं जायला लागले. लोक थेट साहेबांनाच फोन करायला लागले, तेव्हा कुठं साहेबांना आटपाडीसाठी नवा कॉम्प्युटर सुचला.

तो घेऊन ती गेली तेव्हा बाळासोंनी स्वतः जागा पुसून ठेवली होती. अपडेटची सूचना आली, तसं त्यांनीच बटण दाबलं आणि ते संपेपर्यंत खुर्चीवरून हलले नाहीत. लीलाबाईंचं औषध सरकारी दवाखान्यातून सुरू झालं होतं. त्या आता पुढच्या तपासण्याही तिकडंच करून घ्यायच्या.

"तुमी सांगितलं खरं त्या पासाचं," बाळासो म्हणाले. "पर गावाला ते पटंना, म्याडम. लोक अजून रक्त द्याया येत्यात आन् नाव सांगताना आवाज बारीक करत्यात."

क्रांतीनं जुनं मशीन उचललं आणि स्टँडची वाट धरली.