नलूने आखलेली तार

फोन आला तेव्हा मी एका मुंजीच्या पत्रिकेचं प्रूफ वाचत होते. समोर गिऱ्हाईक बसलेलं. हॉस्पिटलातून भाऊजी बोलत होते, एवढंच म्हणाले, "वहिनी, नलू गेली." आणि मी म्हणाले, "सरी." विचार करा, काय शब्द निघावा तोंडातून! बेंगळुरूत उभा जन्म काढला की भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, सगळ्यांना ठीक आहे म्हणायचं ते "सरी, सरी" असंच जिभेवर बसतं, आणि अशा वेळी आधी तेच बाहेर पडतं. फोन ठेवला, प्रुफात आजोबांच्या नावावरचा रफार राहिला होता तो भरला, आणि मग कुठे हात थांबला…

नलू म्हणजे नलिनी, माझी धाकटी जाऊ. बसवनगुडीत आमचं दोन भावांचं घर, खाली आम्ही आणि वर ती दोघं. सरकारी कारखान्यात ती यंत्रांचे नकाशे काढायची. तिथून लवकर निवृत्ती घेतली आणि घरीच कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून द्यायला लागली. लग्नपत्रिका, मंडळाची स्मरणिका, लोणच्याच्या बाटलीवरची लेबलंसुद्धा. मला म्हणाली, "अक्का, तुम्ही इतकं वाचता, तर प्रुफं बघा की." मी सातवीत शाळा सोडलेली बाई, पण ऱ्हस्वदीर्घ माझ्या नजरेतून सुटत नाही, हे तिला ठाऊक होतं. मग टायपिंगही आपलं आपण शिकले. खालच्या खोलीत गिऱ्हाइकं, मी आणि लहान कॉम्प्युटर. वर ती आणि मोठा कॉम्प्युटर. मधे जिना, आणि जिन्यावरून फ्लॉप्या नेणारी-आणणारीही मीच. चित्राचं पान असलं की एका फ्लॉपीत मावायचं नाही, तुकडे करून सात-आठ फ्लॉप्यांत भरायचं, आणि त्यातली एक जरी रुसली की पुन्हा वर. मी गुडघे धरून कुरकुरायचे. पण वर गेलं की ती म्हणायची, "आलाच आहात तर चहा घेऊनच जा," आणि मग अर्धा-पाऊण तास कसा जायचा कळायचंच नाही. खरं सांगायचं तर माझा दिवस त्या जिन्यावरच जायचा.

मग तिच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी जिना बंद केला. ज्या बाईला गांधीबाजारात चार चकरा मारल्याशिवाय चैन पडत नसे ती वरच्या खोलीत अडकली. दुसरी कोणी रडत बसली असती. हिने ट्रेसिंग पेपर पसरला आणि अख्ख्या घराचा नकाशा काढला. भिंती, दारं, जिन्याचं वळण, आणि त्यातून जाणारी निळ्या पेन्सिलीची एक रेघ. ती तार, वरचा कॉम्प्युटर खालच्याला जोडणारी. स्वस्तातली नको, तिला शंभराच्या वेगाचीच हवी होती. दहाची घेतली तर चित्राचं पान येईपर्यंत अक्का झोपतील म्हणे. शिवाय आमचा जुना, अडगळीतला कॉम्प्युटर काढून त्याचं "राऊटर" करायचं. टेलिफोन एक, मोडेम एक, पण दोघींनाही एकदम ईमेल बघता यावी. आणि बाहेरून कोणी घुसू नये म्हणून त्याच डब्यात फायरवॉल. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून तिने तो डबा चालवायला त्यात लिनक्स घातलं. भाऊजी इथल्या शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात फिरून तिच्यासाठी तार जोडायची जुनीपानी कार्डं शोधून आणायचे, आणि त्यातली निम्मी ती परत पाठवायची.

मला काही कळेना. तिने समजावलं, "एक कार्ड बाहेरच्या जगाचं, एक घरातलं. मधे हा बसणार. आधी सगळ्यांना बंदी. मग ज्याचं काम आहे त्यालाच आत सोडायचं."

"अगं, हे तर सासूबाईंचं सोवळ्यातलं स्वयंपाकघर!"

ती इतकी हसली की धाप लागली. "बघा ना. त्या असताना एक दिवस पाळलं नाही, आणि आता कॉम्प्युटरला शिकवतेय!"

तार आली, ठोकून झाली. पहिलं पान तिने वरून सोडलं ते एका वधूवरांच्या फोटोचं. मी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला, तोवर पान समोर. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण आता फ्लॉप्या नकोत, म्हणजे जिना नको. वर जाऊन प्रिंटरचं तेवढं विचारलं. गिऱ्हाईक खाली येतं तेव्हा प्रिंटर खालीच हवा, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तर म्हणाली, "नाही. प्रिंटर वर, माझ्या टेबलाशी."

"वेडी आहेस का? छापलेला कागद आणायला रोज वर कोण चढणार?"

तिने चष्मा काढून पुसला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही. माझं सगळं काम तारेवरून खाली जाणार, अक्का. मग तुम्ही कशाला याल वर?"

"चहा टाक," मी म्हणाले.

ऑपरेशनला जाईपर्यंत तसंच चाललं. मी खालून छापायला सांगायचे, वर कागद निघायचा, आणि मी कठडा धरत धरत वर. ऑपरेशन नीट झालं म्हणून कळलं होतं. तिसऱ्या दिवशी तो फोन आला.

आता दीड महिना होऊन गेला. दिवसवार झाल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, प्रिंटर खाली आणून देतो. तुमच्या गुडघ्यांना त्रास कशाला?" मी म्हटलं, "राहू दे तिथेच." त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही, सकाळी उठून तिचा कॉम्प्युटर तेवढा चालू करून ठेवतात.

मी खाली बटण दाबते. क्षणभर काहीच होत नाही. मग वर, तिच्या रिकाम्या खोलीत, प्रिंटर जागा होतो, घरघरतो, आणि कागद ओढल्याचा आवाज जिन्यातून खाली येतो… कोणीतरी कामाला बसल्यासारखा. मी उठते. वर जाते. कागद अजून ऊन असतो. तो हातात घेऊन तिच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर टेकते, नेहमीसारखी. खालून गिऱ्हाईक हाक मारतं, "अक्का, आय्ता?" झालं का, म्हणून.

मी वरूनच ओरडते, "इन्नू इल्ला!" अजून नाही.