जमिनीवरचा घोट

लॉस एंजेलिसमधल्या माझ्या शेजारीणबाई मूळच्या मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या, तिथल्या गारिफुना समाजाच्या. रविवारी सकाळी त्या उकडलेली केळी लाकडी उखळात कुटतात आणि माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. तक्रार कुठल्या तोंडानं करणार? दुपारी त्याच केळ्यांचा गोळा, नारळाच्या दुधातल्या माशांसकट, माझ्या दारात येतो. मी पन्नाशीची, तरी मला 'बेबी' म्हणतात. आणि वाक्य संपलं की स्वतःच 'येस, येस' म्हणून त्याला दुजोरा देतात.

एकदा त्यांनी मला जेवायला बोलावलं. बसण्याआधी त्यांच्या ग्लासातली थोडी रम जमिनीवर सांडली. मी लगबगीनं पेपर टॉवेल घेतला आणि फरशी लख्ख पुसून टाकली.

बाई पोट धरून हसल्या. "बेबी, ते माझ्या आजीचं होतं. आधी गेलेल्यांना, मग आपल्याला. येस, येस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा ग्लास उचलला. "तुझं कोण गेलंय?"

"आई. पण तिला रमचा वाससुद्धा चालायचा नाही हो! तिला चहा लागायचा."

त्या उठल्या, चहा केला, आईचं नाव विचारलं. मग कपातला एक घोट जमिनीवर ओतून, आपल्या उच्चारात ते नाव मोठ्यानं म्हणाल्या, "सूमान."

आता रविवारी उखळ थांबलं की भिंतीपलीकडून दोन नावं ऐकू येतात. एक त्यांच्या आजीचं. दुसरं माझ्या आईचं, जे या देशात माझ्याशिवाय कोणी घेत नव्हतं.