चिंचेवरचे बिराजदार गुरुजी

“बाई, साळंत एक बी पोरगं न्हाई,” वळसंगच्या शाळेचा शिपाई तुकाराम सायकल झाडाला टेकवत म्हणाला.

मी हातातला चहा खाली ठेवला. “म्हणजे? कुठं गेली सगळी?”

“मैंदर्गीला की. पाटलाच्या पोराचं लगीन हाय. ट्रक भरून वऱ्हाड गेलं पहाटं. हेडमास्तरबी तितंच गेल्यात.”

बहात्तरच्या दुष्काळानंतर वर्ष-दोन वर्षांनी घडलेली ही गोष्ट. मी सोलापुरात मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवत होते आणि सुट्टीत मुलांच्या शिबिरांसाठी लीडर तयार करत होते. लीडर म्हणजे पोरांना रानात नेणारा, तंबूत राहायला शिकवणारा आणि सगळ्यांना धडपणे घरी परत आणणारा मोठा माणूस. पगार नाही, मान बेताचा, जबाबदारी भरपूर. या लोकांसाठी आम्ही ट्रेनिंग कॅम्प घेत असू; तेव्हाचा वळसंगला होता. शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक. गावातली खरी मुलं बोलवायची, शिकाऊ लीडरनं त्यांना रानफेरीला न्यायचं आणि वरच्या ऑफिसातल्या साहेबांनी ते पाहून पास-नापास ठरवायचं.

इनामदार साहेब पुण्याहून निघाले होते आणि आमची पोरं लग्नाच्या पंगतीला बसली होती.

मला सगळ्यात जास्त काळजी पद्मा गड्डमची होती. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत ती बालवाडी चालवायची. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडे आवाज इतका हळू की समोरच्यानं वाकून ऐकावं. तिच्या गल्लीतल्या मुलींना उन्हाळी शिबिराला यायचं होतं. आईबाप म्हणत, “पद्माअक्का असेल तरच पाठवू.” म्हणजे ती नापास झाली तर त्या मुलीही घरीच. साहेबांनी मागच्या भेटीत तिला ऐकून मला बाजूला घेतलं होतं. “या बाईंचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत जात नाही. रानात काय करणार?”

प्रात्यक्षिक रद्द करणं मला परवडणारं नव्हतं. मी सगळ्यांना चिंचेखाली गोळा केलं.

“आज निम्म्यांनी लीडर व्हायचं, निम्म्यांनी पोरं. दुपारनंतर उलट.”

लोक एकमेकांकडं बघून हसायला लागले. हसले नाहीत ते फक्त बिराजदार गुरुजी. अक्कलकोटकडच्या एका गावचे हेडमास्तर, घरी कानडी बोलणारे, पन्नाशी उलटलेले, धोतर पांढरं शुभ्र. कॅम्पभर खेळ सुरू झाला की हे हात मागं बांधून कडेला उभे. मी एकदा आग्रह केला, तेव्हा म्हणाले होते, “बाई, या वयात लंगडी शोभत नाही की.”

मी प्रत्येक ‘पोराच्या’ कानात त्याची भूमिका सांगत गेले. एकाला आईची आठवण येते, एकाला सारखी भूक लागते. गुरुजींना म्हटलं, “तुमच्या शाळेतला सगळ्यात वात्रट मुलगा आठवा.”

 त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि धोतराचा काचा मारला.

पद्माची पाळी आली तेव्हाच साहेबांची जीप आली. ती आपल्या टोळीला रांगेत उभं करत होती, तोवर गुरुजी चिंचेवर चढले होते. चांगले दुसऱ्या फांदीपर्यंत. वरून कोवळ्या चिंचा तोडून खालच्यांना मारायला लागले.

“खाली या ना,” पद्मा म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही.

“येत न्हाई जा,” वरून आवाज आला. खाली हशा पिकला.

इनामदार साहेब माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. “बाई, हे काय चाललंय?”

“प्रात्यक्षिक, साहेब.”

“आणि झाडावर कोण आहे?”

“तिसरीतला मुलगा.”

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वर पाहिलं.

पद्मानं आणखी एकदा हाक मारून पाहिली आणि मग सोडून दिली. बाकीच्या टोळीला झाडाकडं पाठ करून गोल बसवलं आणि काहीतरी सांगायला लागली. कोडी असावीत. मला काही ऐकू येत नव्हतं. टोळीतली माणसं डोकी जवळ आणून ऐकत होती आणि मधेच खो खो हसत होती.

“काय म्हणालात?” वरून प्रश्न आला. तिनं मान वळवली नाही.

“ओ ताई, जरा मोठ्यानं बोला की.”

ती होती त्याच आवाजात बोलत राहिली. गुरुजी एक फांदी खाली आले. पुन्हा हशा झाला, ते आणखी खाली सरकले. आणि तिथंच थांबले.

सगळ्यांना वाटलं नाटक चाललंय. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. पद्मा मात्र उठली. गुरुजींचं चिंचा मारणं बंद झालं होतं आणि खोडाला घातलेली मिठी सुटत नव्हती. त्यांच्या पायात गोळा आला होता. तोंडातून कानडी शब्द येत होते, ते तिला कळत नव्हते. तिनं टोळीतल्या दोघा दांडग्यांना खुणेनं बुंध्याशी उभं केलं आणि वर पाहिलं.

“गुरुजी, माझ्याकडं बघा. घाई नाही. डावा पाय खाली सोडा. आता यांच्या खांद्यावर टेकवा.”

एव्हाना सगळे गप्प झाले होते. तो हळू आवाज साहेबांपर्यंतसुद्धा नीट पोहोचला. गुरुजी तिनं सांगितलं तसं, तिसरीतल्या मुलासारखे, एकेक पाय टाकत उतरले. खाली टेकल्यावर पायाचा गोळा चोळत तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, “आता ते मघाचं कोडं सांगा. मला ऐकूच आलं नाही की.”

आम्ही किती वेळ हसलो ते आठवत नाही. साहेब तर डोळे पुसत होते. गुरुजींनी दुपारी लंगडीतही भाग घेतला, दुखऱ्या पायानं, मी नको म्हणत असताना.

पद्मा पास झाली. निघताना साहेब मला म्हणाले, “आवाजाचं मी बोललो होतो, ते विसरा.” उन्हाळ्यात तिच्या गल्लीतल्या मुली शिबिराला आल्या, आणि गुरुजीही आपल्या शाळेची पोरं घेऊन आले. त्यांतला सगळ्यात वात्रट पोरगा त्यांनी स्वतःहून पद्माच्या टोळीत घातला.

पुढं मी कितीतरी कॅम्प घेतले. प्रत्येक कॅम्पात मोठ्या माणसांना एक सकाळ पोर व्हायला लावलं. फक्त आधी आसपासची झाडं बघून येऊ लागले.