खालचा थर

केरू मिरजोळ्याजवळच्या एका बागेत पेट्यांमध्ये आंबे भरतो. दुसऱ्याने भरलेली पेटी मात्र तो कधी वरून बघत नाही. पेंढा बाजूला सारून आधी खालचा थर चाचपतो. वरचे आंबे सगळेच चांगले लावतात, असं त्याचं म्हणणं.

परवा तो मुलीला, राहीला, घेऊन माझ्याकडे आला; मी तिची शाळेतली बाई. तिला पुण्याच्या एका मुलींच्या कॉलेजात जायचंय. जागा साठ, अर्ज हजारभर.

"बाई, हिला घेतील काय?"

मी गुणपत्रिका पाहून म्हटलं, "नक्की घेतील."

केरूने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि फाइलीतला सगळ्यात खालचा कागद काढला. तो अर्जासोबतचा निबंध होता.

"ह्यो आमच्या पोरीचा वाटत नाय. तुमीच लिवलात ना?"

मी ओशाळले. सुधारता सुधारता निम्मा मीच लिहिला होता.

"मुलाखतीत ह्याच्यावरनंच इचारलं, तर तिथं काय तुमी जाणार?"

राही ओटीवर बसली आणि तिने नवा निबंध लिहिला, पेटीचा तळ बघणाऱ्या वडिलांवर. दोन ठिकाणी खाडाखोड होती. शेवटी लिहिलं होतं, "बाबांचा माझ्या गुणांवरही विश्वास नाही."

केरूने तो दोनदा वाचला.

"आता सांगा बाई. खरं सांगा हां."

"निम्मी आशा आहे," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय," म्हणत त्याने तो कागद फाइलीत सगळ्यात वर ठेवला.