दाराजवळचा बाक

घरात तिला सगळे टकळी म्हणत, कारण तिचं तोंड म्हणून मिटत नसे. विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात तिला वर्गात पोचायला उशीर झाला. सर बोलायचे थांबले, सगळ्या वर्गाच्या माना वळल्या आणि ती कशीबशी मधल्या बाकावर जाऊन बसली. दोन्ही बाजूंना मुलं. एकाएकी छातीत धडधडायला लागलं, हात गार पडले, श्वास पुरेना. बाहेर जायचं तर अख्ख्या रांगेला उठवावं लागणार. तास संपेपर्यंत ती बाकाची कड घट्ट धरून बसली.

त्यानंतर ती दाराजवळच्या बाकावर बसू लागली. मग एके दिवशी दारातूनच परत फिरली. वसतिगृहाच्या खोलीतली मैत्रीण तासाला गेली की ही डोक्यावरून पांघरूण ओढून घेई. खानावळीत गर्दी, म्हणून बिस्किटांवर भागवी.

आईचा फोन आला की मात्र तोंडाचा पट्टा सुरू. "आज सरांनी माझंच उत्तर वाचून दाखवलं." फोन ठेवला की तिला स्वतःचीच किळस येई. पण आता खरं बोलायचं कोणत्या तोंडानं?

सुट्टीत ती घरी आली. वडील वायरमन, ज्याच्या घरी दिवे बसवायला जात, त्याला लेकीचं कौतुक ऐकवत. जेवताना ती घास नुसता चिवडतेय, हे आत्यानं पाहिलं आणि स्वयंपाकघरात तिला गाठलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"काय?"

"माझ्यापुढे थापा मारू नकोस."

टकळीचा बांध फुटला. वडील दाराशी येऊन उभे राहिलेत, हे दोघींनाही कळलं नाही.

"म्हणजे तू वर्गात जातच नव्हतीस?"

"नाही, बाबा."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "मग मी लोकांना काय सांगू?"

"लोकांचं मागाहून बघू," आत्या म्हणाली. "आधी पोरीला विचार, तिला काय होतंय."

ते त्यांना विचारता आलं नाही. पण समुपदेशक बाईंकडे तेच तिला घेऊन गेले आणि खोलीबाहेर अवघडून बसून राहिले.

वर्ष वाया गेलं. आता ती नव्या मुलांबरोबर पुन्हा पहिल्याच वर्षाला बसते. औषध चालू आहे, बाईंकडे जाणंही. तरी काही सकाळी वर्गाचा जिना चढवत नाही. अशा दिवशी ती आईला फोनवर खरं तेच सांगते, "आज नाही जमलं."

मागून वडील विचारतात, "काय म्हणतेय?"

"मजेत आहे म्हणते," आई त्यांना सांगते.